गुप्तेबाईंचा कोपरा

नागरिकशास्त्र हा विषय आमच्या वेळी इतिहासाच्या शेपटाला बांधलेला असायचा. परीक्षेच्या सकाळी चहा पिता पिता वाचून व्हायचा. शाळेतले बाकीचे शिक्षक तो तास गणिताला किंवा स्नेहसंमेलनाच्या तालमीला खुशाल देऊन टाकत. गुप्तेबाईंनी तो कधी कुणाला दिला नाही. गणिताचे सर एकदा वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, आज तुमचा तास मिळेल का, अपूर्णांक राहिलेत." बाई म्हणाल्या, "सर, अपूर्णांक राहिले तर मुलं नापास होतील. नागरिकशास्त्र राहिलं तर पास होऊन गावभर थुंकतील." सर परत गेले.

बाई अंगाने किरकोळ. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज मात्र असा की तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग तळमजल्यावरून गप्प व्हायचा. पाठांतर त्यांनी आमच्याकडून फारसं करून घेतलं नाही. प्यायच्या पाण्याचा नळ गळतो म्हणून मी एकदा तक्रार घेऊन गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "कधीपासून गळतोय?"

"सोमवारपासून, बाई."

"आणि तू काय केलंस?"

"तुम्हाला सांगितलं ना."

"मला आज सांगितलंस. सोमवारपासून काय केलंस?"

त्या आठवड्याचा तास नळापाशी झाला. शिपाईमामांकडून पाना आणला, वॉशर बदलला, आणि बाईंनी तिथेच ओल्या फरशीवर उभं राहून त्यांचं ते आवडतं भाषण केलं. "इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, पण आपण अजून साहेबाची वाट बघतोय. साहेब येईल, नळ दुरुस्त करील, रस्ता झाडील. अरे, साहेब गेला. आता आपणच आहोत." आम्ही तोंडं फिरवून हसायचो. पण आमच्यापैकी बरेच जण अजून गळका नळ दिसला की जाता जाता बंद करतात, हे मी पाहिलेलं आहे.

पुढे लग्न होऊन मी अंधेरीतच, बाईंच्या समोरच्या इमारतीत राहायला आले. बाई तेव्हा नुकत्या निवृत्त झाल्या होत्या. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, लेक नाशिकला. निवृत्त माणसं एरवी देवदर्शनाला जातात किंवा फिरायला. बाईंनी एका रविवारी सकाळी खराटा घेतला आणि दोन इमारतींमधली गल्ली झाडायला सुरुवात केली. त्या गल्लीत वरच्या मजल्यांवरून काय काय पडायचं ते लिहिण्यासारखं नाही. लोक खिडकीतून बघत होते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाईंना काहीतरी झालंय." मी खाली गेले ते त्यांना समजवायला. बाईंनी मला बघितलं आणि दुसरा खराटा पुढे केला. त्यांनी तो आधीच आणून ठेवलेला होता.

अशी रविवारची मंडळी जमत गेली. आधी आम्ही दोघी-तिघी, मग बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेले सामंत, मग त्यांच्या ओळखीचे. गल्ली झाली, मग शाळेसमोरच्या खड्ड्यांना लागलो, मग बसस्टॉपमागची भिंत रंगवली. पुढाऱ्याचा फोटो लावायचा नाही, फीत कापायची नाही आणि जे करायचं ते सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वॉचमनचा हातही मोजला जायचा. बाईंच्या मनाविरुद्ध ठरलं तरी त्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर असायच्या. मला वाटतं, मंडळी टिकली ती त्यामुळेच. आमच्या विभागात लोक एकमेकांना नावाने ओळखायला लागले, जिन्यात दिवा गेला तर दिवा बदलायला लागले. तक्रार करायला मात्र घाबरायचे, कारण बाई कुठूनही येऊन विचारत, "आणि तुम्ही काय केलंत?"

एवढ्या शिस्तीच्या बाई एकाच ठिकाणी विरघळायच्या. त्या सीकेपी. मासे म्हणजे जीव की प्राण. आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते त्या कोपऱ्यावर वेसाव्याची कोळीण चंद्राबाई माशांची पाटी घेऊन बसायची. तिच्याआधी तिथे तिची सासू बसायची आणि त्याआधी सासूची सासू. इमारती नव्हत्या, नुसती वाडी होती, तेव्हापासूनची ती बसायची जागा. गुप्तेबाई पिशवी घेऊन आल्या की आजूबाजूची गिऱ्हाइकं जरा थांबत, कारण पुढचं ऐकण्यासारखं असायचं.

"चंद्रे, बोंबील कालचे दिसतायत."

"कालचं होतं तर काल का नाय नेलंस, मास्तरीन बाय?"

"कल्ले उघडून दाखव त्या सुरमईचे."

"बग, बग. पोरांचे कान बगायची सवय तुजी. माश्याचे पन बगून घे."

शेवटी बाई तिच्याच भावाने घ्यायच्या आणि चंद्राबाई वर मूठभर करंदी टाकायची. बाईंच्या यजमानांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा चंद्राबाई घरी येऊन निवट्यांचं कालवण देऊन गेली होती. बाईंना अगं-तुगं करणारी, माझ्या पाहण्यात, अंधेरीत ती एकटीच.

आता जे झालं ते समजायला आमच्याकडचा श्रावण माहीत हवा. गटारीला चंद्राबाईकडे झुंबड उडायची. दुपारपर्यंत पाटी रिकामी करून ती सांगायची, "आता गनपती गेलं की येते." मग ती येत नसे. आमच्या इमारतींत श्रावणापासून गणपती जाईपर्यंत कुणी मासे खात नाही, तर ती बसून करणार काय? तेवढे दिवस ती वेसाव्याच्या बाजारात बसायची. आम्ही भाजणी, अळू, उपासाची मिसळ यांत असायचो, आणि मासा हा शब्दही घरात निघत नसे.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट श्रावणात आला, बहुतेक वर्षी येतो तसाच. झेंडा आणि जिलबी एवढ्यावर स्वातंत्र्यदिन साजरा करायचा नाही, काहीतरी कायमचं काम करायचं, असं बाईंच्या मनात होतं. मंडळी बसली. कुणीतरी म्हणालं, तो कोपरा किती कळकट झालाय, येताजाता नाक धरावं लागतं. तिथे बाक टाकू, कुंड्या ठेवू, म्हाताऱ्या माणसांना टेकायला होईल. सगळ्यांचे हात वर गेले. बाईंचाही गेला. माझाही.

मला नंतर पुष्कळांनी विचारलं, की एकालाही आठवलं नाही? खरं सांगायचं तर मला क्षणभर काहीतरी आठवलं होतं. पण वाटलं, बाईंनी विचार केला असेल. बाईंना वाटलं असेल, ठरवणारी मंडळी आहे. आणि उपासाच्या दिवसांत कोळणीची आठवण कुणाला येते? पालिकेची परवानगी बाईंनीच खेटे घालून आणली. पंधरा ऑगस्टच्या सकाळी आम्ही तिथे जमलो. फरशीवर एक काळपट डाग होता, वर्षानुवर्षांच्या पाण्याचा आणि खवल्यांचा. तो काही केल्या निघेना. बाई स्वतः गुडघ्यावर बसल्या, सोडा टाकून तारेच्या ब्रशने घासत राहिल्या. मी बादल्या आणून देत होते. डाग गेला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मग तिथे सिमेंटचा बाक बसवला, दोन्ही बाजूंना जास्वंद आणि तगर लावलेल्या मोठाल्या कुंड्या ठेवल्या. सामंतांनी फोटो काढून सगळीकडे पाठवले. दिवसभर अभिनंदनाचे फोन येत होते.

गणपती गेल्यावर दोन-चार दिवसांनी सकाळी मी दूध घेऊन येत होते. चंद्राबाई कोपऱ्यावर उभी होती. डोक्यावर पाटी तशीच. ती बाकाकडे बघत होती, कुंड्यांकडे बघत होती, मग तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, चुकून दुसऱ्याच गल्लीत आल्यासारखं. गुप्तेबाई पिशवी हलवत समोरून आल्या. महिना-दीड महिन्याच्या उपासानंतरचा पहिला दिवस, चेहऱ्यावर अगदी सणाचा आनंद. चंद्राबाईला बघून त्या हसल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांची नजर तिच्या मागच्या बाकावर गेली.

त्यांचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी पुन्हा कुणाचा पाहिलेला नाही. माणूस एवढ्या थोड्या वेळात म्हातारं होतं, हे मला माहीत नव्हतं.

चंद्राबाईने विचारलं, "ह्ये कोनी केलं गो?"

बाई म्हणाल्या, "मी."

चंद्राबाई पाटी सावरून चालायला लागली. बाई तिच्यामागे थोडं अंतर गेल्या आणि मग थांबल्या.

त्याच रविवारी बाईंनी मंडळींपुढे विषय काढला. बाक काढू, कुंड्या आपल्या गच्चीवर नेऊ, चूक झाली आहे. सामंत वाईट माणूस नाहीत. शेजारच्या आजींना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारा माणूस. ते अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, म्हातारी माणसं बसतात हो तिथे आता. आणि मासे काय, फोनवर सांगितलं की येतात, साफ करून, डब्यात. परत ती घाण कशाला आणायची?"

"घाण नव्हती ती. तिची जागा होती."

"जागा सगळ्यांची आहे, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला. आणि ठरवायचं ते सगळ्यांनी. मग घेऊ या मत."

मत घेतलं. बाईंचा हात, वॉचमनचा हात, अजून एक-दोन. माझा हात वर गेला, पण इकडेतिकडे बघून गेला, तोवर सामंतांचं मोजून झालं होतं. कुणी परत मोजा म्हटलं नाही. मीही नाही. आजही मला त्याची लाज वाटते. बाईंनी आपलाच नियम आपल्यावर चालताना पाहिला आणि मान खाली घातली. पुढच्या रविवारी त्या खराटा घेऊन सगळ्यांच्या आधी हजर होत्या. पण कोपरा आला की वळसा घालून पलीकडून जायच्या. त्या बाकावर त्या कधीच बसल्या नाहीत.

आणि त्यांनी मासे सोडले. तसं कुणाला सांगितलं नाही. मी एकदा कोलंबीचं कालवण घेऊन गेले, तर म्हणाल्या, "नको गं, पोट बरं नाही." पुढच्या वेळी दात दुखत होता. बाईंचा श्रावण त्या वर्षी संपलाच नाही.

एका दुपारी त्या मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." आम्ही रिक्षाने वेसाव्याला गेलो. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते. चंद्राबाई दारातच बसली होती, पाय लांब करून, गुडघ्याला तेल चोळत. जागा गेल्यावर ती इमारती-इमारतींतून दारोदार फिरत होती. वॉचमन पाटी घेऊन लिफ्टने जाऊ देत नसत, त्यामुळे जिने. नेहमीची गिऱ्हाइकं तुटली होती, कारण कोळीण कुठे बसते ते माहीत असलं तरच गिऱ्हाईक येतं. सून म्हणत होती, सोडून दे, घरी बस. ते तिला नको होतं.

बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "चंद्रे, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. माजी जागा दे."

"ती माझ्या हातात नाही गं आता. मंडळींनी..."

"घेतलीस तवा कोनाच्या हातात होती?"

वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर बाईंनी त्याची पाठ थोपटली असती. सुनेने चहा आणला. बाईंनी कप हातात धरून ठेवला, चहा गार झाला.

मग बाई कामाला लागल्या, त्यांच्या पद्धतीने. प्रत्येकाच्या घरी गेल्या. शाळेत त्या कुणाचे पाय धरणाऱ्या नव्हत्या, पण त्या हिवाळ्यात मी त्यांना अगदी अजिजीने बोलताना ऐकलं. अखेर मंडळी थोडी नरमली. ठरलं असं, की चंद्राबाईने सकाळचे दोन तास कुंड्यांच्या मागच्या बाजूला बसावं, पाणी सांडू नये, जाताना जागा धुऊन जावं. बाई इतक्या खूश झाल्या की लगेच मला घेऊन निघाल्या. रिक्षात म्हणाल्या, "दोन तास तर दोन तास. हळूहळू वाढवू."

चंद्राबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे माज्या सासूच्या जाग्यावर मी तुमची परवानगी काढून बसायचं?"

चंद्राबाई रागावलेली दिसत नव्हती, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. तिने बाईंना रिक्षापर्यंत सोडलं आणि जाताना म्हणाली, "सांभाळून जावा, बाई." ती बाईंना कधी 'जावा' म्हणाली नव्हती. रिक्षा लिंक रोडला लागेपर्यंत बाई बाहेर बघत होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की तिला अजून थोडा वेळ दिला पाहिजे. बाई म्हणाल्या, "देणारे आपण कोण, हेच तर ती विचारतेय."

त्यानंतरच्या बैठकीत बाई शेवटच्या बोलल्या. आवाज तळमजल्यापर्यंत जाणारा नव्हता, पुढच्या रांगेला कसाबसा ऐकू येत होता. "साहेब गेला, असं मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. तो गेला नव्हता. त्या दिवशी ब्रश घेऊन खाली बसला होता तो साहेब मीच. वाईट वाटून घेऊ नका, चांगली कामं करत राहा. फक्त पुढच्या वेळी हात वर करण्याआधी बघा, की ज्याचं आहे तो इथे बसलाय का." मग म्हणाल्या, मी आता येणार नाही. सामंतांचे डोळे भरून आले, ते खरोखरच भरले होते. पण बाक काढू, असं तेव्हाही कुणी म्हटलं नाही.

होळीनंतर बाईंनी घर आवरायला घेतलं. लेक कधीची नाशिकला बोलावत होती. त्या गेल्या तेव्हा मी गावी होते, त्यामुळे निरोप द्यायचा राहिला. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या जाण्याआधीच्या एका रविवारी. तेवढं सांगते.

सकाळी मंडळींचं काम चालू होतं. सामंत कुंड्यांना पाणी घालत होते, मी वाळकी पानं काढत होते. चंद्राबाई आली. पाटी डोक्यावरून उतरवून तिने सरळ बाकावर ठेवली आणि शेजारी बसली. पदर खोचला, कोयती काढली. सामंत पाण्याची झारी हातात धरून बघतच राहिले.

"मावशी, हा बाक बसायला आहे हो."

"मंग? मी बसलेच हाय ना. उभी हाय का?"

"तसं नाही, धंद्याला नाही ना तो."

"मना कोनी इचारून बांदला नाय. मी कोनाला इचारून बसनार नाय. तुमी पानी घाला झाडांना." आणि तिने कागद बाजूला करून पाटी उघडी केली. पापलेटं होती, ताजी, चकाकणारी.

आजूबाजूला लोक जमले. वाटलं, आता भांडण होणार. पण आमच्या इमारतीतल्या एक आजी पुढे झाल्या, वाकून बघितलं आणि विचारलं, "कशी दिलीस?" मग दुसरं कुणी आलं, मग तिसरं. डब्यातल्या माशाला कंटाळलेली माणसं होती ती, पण पुढे व्हायला प्रत्येकाला आधी दुसरं कुणीतरी हवं होतं. सामंत थोडा वेळ घुटमळले, मग त्यांनी झारी खाली ठेवली आणि रांगेत उभे राहिले. मीही राहिले.

माझी पापलेटं कापून होत होती तेव्हा मी सहज समोर पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, सिग्नलपाशी गुप्तेबाई उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी होती, घडी घातलेली. त्या पिशवीत मासे येऊन कितीतरी महिने झाले असतील. त्या कोपऱ्याकडे बघत होत्या, आणि लांबून नीट दिसत नव्हतं, पण मला वाटतं त्या हसत होत्या. मी हात केला, या म्हणून. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

चंद्राबाईनेही मान वर केली होती. तिने पलीकडे पाहिलं, चांगलं बघितलं. कोयती हातात थांबली. मला वाटलं, आता ती हाक मारणार. पण तिने माझे तुकडे कागदात गुंडाळून दिले आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुला काय देऊ गो?"

सिग्नल हिरवा झाला. माणसं इकडे आली, तिकडे गेली. मग लाल झाला, परत हिरवा झाला. बाईंनी रस्ता ओलांडला नाही.